क्लाइव्ह सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम: झाकण उघडलं की मालकाचा स्वभाव दिसतो

आधी निकाल, मग कारणं. १९८२चा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक ब्रिटनच्या जुन्या संगणकांच्या बाजारात अजून मिळतो, दुरुस्त होतो आणि वापरताही येतो. घ्यायचा तर ४८केचा (४८ किलोबाइट मेमरीचा) घ्यावा आणि बोर्ड 'इश्यू ३' (तिसरी आवृत्ती) किंवा त्यापुढचा असावा. विकणाऱ्याने 'चालू आहे' असं छातीठोक सांगितलं तरी उघडून, व्होल्टेज मोजून मगच वापरायला काढावा. कारण हे यंत्र बाजारात आणणाऱ्या क्लाइव्ह सिंक्लेअरची आयुष्यभराची एक खोड होती: एक भाग गाळायचा, किंमत खाली आणायची, आणि गाळलेल्या भागाचं काम उरलेल्या भागांकडून, नाहीतर गिऱ्हाइकाकडून करून घ्यायचं. स्पेक्ट्रमच्या बोर्डावर ही खोड जागोजागी सोल्डर केलेली आहे.

सिंक्लेअरचा जन्म १९४०चा, सरे परगण्यातल्या रिचमंडचा. विद्यापीठात न जाता तो इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकात काम करू लागला, मग छंदवाल्यांसाठी छोट्या रेडिओंच्या पुस्तिका लिहिल्या आणि १९६१मध्ये सिंक्लेअर रेडिऑनिक्स ही कंपनी काढली. धंदा टपालाने किट विकण्याचा. प्लेसी या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या कारखान्यात तपासणीत नापास झालेले ट्रान्झिस्टर तो घाऊक उचलायचा, स्वतः तपासायचा आणि हलक्या कामाला चालतील ते नवा क्रमांक देऊन विकायचा. यात फसवणूक नव्हती. खिशातल्या रेडिओला संगणकाच्या तोडीचा ट्रान्झिस्टर लागत नाही, एवढा साधा हिशेब होता.

आता स्पेक्ट्रम पालथा करून खालचे पाच स्क्रू काढा आणि वरच्या ३२के मेमरीच्या आठ चिप शोधा, आयसी १५ ते आयसी २२. त्यांच्यावर ४५३२ किंवा ३७३२ असा क्रमांक असेल. मुळात या ६४ किलोबिटच्या चिप. कारखान्यात त्यांचा एक अर्धा भाग नापास ठरलेला, दुसरा धडधाकट. सिंक्लेअरने हा अर्धा चांगला माल स्वस्तात घेतला. चांगला अर्धा वरचा की खालचा हे चिपच्या जातीवरून ठरायचं आणि त्याप्रमाणे बोर्डावर तारेची एक लिंक जोडली जायची, म्हणून आठही चिप एकाच जातीच्या लागत. वीस वर्षांपूर्वीचा ट्रान्झिस्टरचाच हिशेब, फक्त चिपवर मांडलेला. दुरुस्ती करणाऱ्याच्या मात्र हे पथ्यावर पडतं: बिघडलेल्या चिपच्या जागी पूर्ण ६४ किलोबिटची ४१६४ थेट बसते, आणि तिचे दोन्ही अर्धे चांगले असल्यामुळे लिंक कुठेही असली तरी अडत नाही.

वरची मेमरी ठीक आहे का हे झाकण न उघडताही कळतं. 'प्रिंट पीक २३७३२+२५६*पीक २३७३३' असं टाईप करा. उत्तर ६५५३५ आलं तर ४८के पूर्ण आहे. ३२७६७ आलं तर यंत्र १६केचं आहे किंवा वरची मेमरी पूर्ण झोपली आहे. मधलाच एखादा आकडा आला तर त्या पत्त्यापाशी चाचणी अडली, म्हणजे एखादी चिप गेलेली. बोर्ड कुठला हेही असंच बाहेरून समजतं: 'प्रिंट इन २५४' लूपमध्ये चालवून कळफलकावरून बोट उचला. २५५ दिसलं तर इश्यू २, १९१ दिसलं तर इश्यू ३ किंवा पुढचा. विकत घेताना या दोन ओळी विकणाऱ्याकडून चालवून घ्या आणि पडद्याचा फोटो मागा.

खरी डोकेदुखी खालच्या १६केची. तिथे आयसी ६ ते आयसी १३ या जागी ४११६ जातीच्या चिप आहेत आणि त्यांना एक नव्हे, तीन व्होल्टेज लागतात: +५, +१२ आणि उणे ५. बाहेरून येतं फक्त ९ व्होल्ट. तीन व्होल्टेजचा अॅडॅप्टर महाग पडला असता. म्हणून टीआर४ आणि टीआर५ हे दोन ट्रान्झिस्टर, एक छोटी कॉइल आणि चार-दोन डायोड-कपॅसिटर यांच्यावर ९ व्होल्टचे बाकीचे दोन करण्याची जबाबदारी टाकली. मंडळ (सर्किट) चतुर आहे, पण नाजूक. टीआर४ शॉर्ट झाला की कॉइल जळते. उणे ५ नाहीसं होऊन +१२ तसंच राहिलं तर ४११६ चिप एकामागून एक मरतात. 'काल चालू होता, आज पडद्यावर नुसत्या पट्ट्या' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हीच साखळी असते.

म्हणून मेमरी बदलायला घेण्याआधी मल्टिमीटर घ्या. कुठल्याही ४११६वर पिन १६ ही जमीन. तिच्या सापेक्ष पिन १वर उणे ५, पिन ८वर +१२ आणि पिन ९वर +५ दिसायला हवं. उणे ५ नसेल तर वीज ताबडतोब बंद करा; यंत्र चालू ठेवून विचार करत बसलात तर उरलेल्या चिपही जातील. टीआर४च्या जागी झेडटीएक्स६५०, टीआर५च्या जागी झेडटीएक्स२१३. दोन्ही एकदम बदला, कारण एक गेला की दुसऱ्याचा भरवसा नसतो. कॉइलचं इनॅमल काळं पडलं असेल तर तीही बदला. नवी चिप बसवायची ती हे तिन्ही आकडे नीट आल्यावर. उलट क्रम केला तर नवी चिपही तासाभरात जुन्यांच्या पंगतीला जाऊन बसते.

कुठली ४११६ गेली हे पडदाच सांगतो. चित्राची मेमरी, ६१४४ बाइट ठिपक्यांची आणि ७६८ बाइट रंगांची, याच खालच्या १६केत असते आणि प्रत्येक चिपकडे बाइटमधला एकेक बिट. म्हणून एक चिप बिघडली की दर आठ ठिपक्यांमागे त्याच जागी एक उभी रेघ दिसते, सगळ्या पडद्यावर सारख्या अंतराने. सगळा पडदा चौकटी-चौकटींचा झाला असेल तर एका चिपचा दोष नाही. व्होल्टेज किंवा यूएलए (चित्र आणि कळफलक सांभाळणारी चिप) पाहा. निरोगी यंत्र वीज दिल्यावर क्षणभर काळं होतं, मग पांढरं, आणि तळाला १९८२ची स्वामित्वाची ओळ येते. बोर्डावरचे ताम्रमार्ग बारीक आहेत, त्यामुळे जुनी चिप वाचवायच्या भानगडीत पडू नका. पाय कापा, एकेक पाय सोल्डर तापवून उपटा, भोकं साफ करा आणि सॉकेट बसवा.

९ व्होल्टचे बाकीचे दोन व्होल्टेज करणारा हा कन्व्हर्टर मरतो कशाने? बहुतेक वेळा मागच्या उघड्या कडेवर चालू यंत्रात काहीतरी खुपसल्याने. स्पेक्ट्रमला वेगळं विस्तार-सॉकेट नाही. बोर्डाची कडाच बाहेर काढली आहे आणि तिच्यावर हीच व्होल्टेज उघडी आहेत. जॉयस्टिकचा इंटरफेस किंचित तिरका गेला तरी शॉर्ट. त्यात यंत्राला चालू-बंदचं बटन नाही, रीसेटही नाही. बटन म्हणजे अॅडॅप्टरची पिन उपटणं. आधीच्या झेडएक्स८१वर १६केचा मेमरी पॅक याच पद्धतीने लोंबायचा आणि टेबलाला धक्का लागला की तासाभराचं टाईप केलेलं नाहीसं व्हायचं. तक्रारी ढिगाने येऊनही पुढच्या यंत्रावर तीच कडा आली. तेव्हा नियम एकच: आधी वीज काढा, मग काहीही जोडा किंवा काढा.

अॅडॅप्टरबद्दल दोन गोष्टी. मूळचा ९ व्होल्ट, १.४ अँपिअरचा आहे आणि त्याच्या पिनचा मधला भाग ऋण असतो. आजच्या बहुतेक अॅडॅप्टरांचा मधला भाग धन. बोर्डावर उलट वीज अडवणारा डायोड नाही (तोही वाचवला), त्यामुळे चुकीची पिन एकदा लावली की काम तमाम. मूळ अॅडॅप्टर भार नसताना तेरा-चौदा व्होल्ट दाखवतो, त्याने घाबरू नका. तो नियंत्रित नाहीच. पण चाळीस वर्षं जुनी वस्तू भिंतीत लावून ठेवण्यापेक्षा नवा ९ व्होल्टचा, किमान दीड अँपिअरचा, मधला भाग ऋण असलेला घ्यावा हे उत्तम.

नऊचे पाच करण्याचं काम ७८०५ हा रेग्युलेटर करतो आणि आलेल्या ऊर्जेपैकी निम्म्याच्या आसपास उष्णतेत घालवतो. कळफलकाची उजवी बाजू तापते ती याच्यामुळे. गंमत अशी की हाच माणूस १९७२मध्ये वीज वाचवण्यासाठी गाजला होता. सिंक्लेअर एक्झिक्युटिव्ह हा खिशात मावणारा सडपातळ कॅल्क्युलेटर श्रवणयंत्रात वापरतात तसल्या बटन-बॅटरीवर चालला, कारण चिपला सतत वीज न देता ठोक्या-ठोक्याने दिली जायची. मधल्या वेळात चिपमधला साठलेला भार तग धरायचा. किंमत होती ७९.९५ पौंड. बॅटरी गिऱ्हाइकाच्या खिशातून जाते आणि जाहिरातीत दिसते, उष्णता दिसत नाही, बहुधा म्हणून स्पेक्ट्रममध्ये त्या चतुराईला जागा मिळाली नाही. ७८०५ काढून त्याच तीन पायांचा, एक अँपिअर देणारा स्विचिंग रेग्युलेटर बसवा. उष्णता घालवणारा अॅल्युमिनियमचा पत्राही मग लागत नाही. पैसे खर्च करायचे तर सगळ्यात आधी इथे.

इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर सरसकट बदला. बहुतेक २२ मायक्रोफॅरडचे, थोडे १चे, एखाद-दुसरा १००चा. सगळे दोन बाजूंना पाय असलेले आडवे. काढण्याआधी बोर्डाचा स्पष्ट फोटो घ्या, एकेक काढून लगेच नवा बसवा. धन-ऋण चुकला तर कन्व्हर्टरच्या भागात त्याची किंमत मेमरीच्या चिपनी मोजावी लागते.

श्रेयाबद्दल एक गैरसमज आहे. स्पेक्ट्रमची रचना सिंक्लेअरने केली नाही. मंडळ रिचर्ड ऑल्टवॉसरचं, रॉममधली (कायमच्या मेमरीतली) बेसिक भाषा नाइन टाइल्स या कंपनीच्या स्टीव्ह व्हिकर्सने लिहिलेली, पेटी रिक डिकिन्सनची. सिंक्लेअरने ठरवली ती किंमत, १६केला १२५ पौंड आणि ४८केला १७५, आणि त्या आकड्यात बसेल तेवढंच आत जाऊ दिलं. एप्रिल १९८२मध्ये यंत्र जाहीर झालं तेव्हा रॉम पुरी झालेलीच नव्हती. १६ किलोबाइटपैकी हजारावर बाइट रिकामे राहिले. कळफलकावर कॅट, फॉर्मॅट, मूव्ह, इरेझ हे शब्द छापलेले आहेत, पण नुसत्या यंत्रावर ते चालत नाहीत. ज्या मायक्रोड्राइव्हसाठी (फितीवर माहिती साठवणारं उपकरण) ते होते ती १९८३मध्ये आली आणि तिला इंटरफेस १ वेगळा घ्यावा लागला. ऑल्टवॉसर आणि व्हिकर्स तोवर बाहेर पडून ज्युपिटर एस हा स्वतःचा संगणक काढून मोकळे झाले होते.

कळफलकाकडे वळू. रबराचा एक सलग गालिचा, त्याखाली प्लास्टिकच्या दोन पापुद्र्यांचं मेम्ब्रेन, वर पत्रा. स्प्रिंग नाही, वेगवेगळी बटनं नाहीत. झाकण उचलताना घाई नको, कारण मेम्ब्रेनच्या दोन फितींसारख्या शेपट्या बोर्डात खोचलेल्या असतात. जुन्या शेपट्या पापडासारख्या तुटतात. कळफलकाची अर्धी बटनं गेली असतील तर नव्वद टक्के कारण तेच. नवं मेम्ब्रेन मिळतं आणि महाग नाही. पत्रा दुतर्फा चिकटपट्टीने बसवलेला असतो. हेअर ड्रायरने दोन-तीन मिनिटं तापवा आणि प्लास्टिकची पातळ पट्टी कडेने हळूहळू सरकवत न्या. एका कोपऱ्यातून ओढलात तर पत्र्याला बाक येतो आणि तो पुन्हा कधीही सपाट होत नाही. शेपट्या खोचताना सरळ, मुळाशी धरून, न दुमडता. टाईप करायला हा कळफलक वाईटच आहे, पण एका बटनावर अख्खा शब्द उमटतो (पी दाबलं की प्रिंट), त्यामुळे बेसिक लिहिताना वाटतं तेवढा त्रास होत नाही.

टीव्हीच्या बाबतीत घोडं पेंड खातं ते मॉड्युलेटरपाशी, म्हणजे चित्राचा टीव्हीच्या अँटेनासाठी सिग्नल बनवणाऱ्या डबीपाशी. तो यूएचएफ चॅनल ३६वर सिग्नल देतो आणि आजच्या अनेक टीव्हींना तो सापडतच नाही. उपाय सोपा आहे: मॉड्युलेटरचं झाकण काढून आतला रेझिस्टर मधल्या पिनपासून सोडवा, त्याच्याकडे जाणारी ५ व्होल्टची तार तोडा आणि बोर्डाकडून येणारी व्हिडिओची तार १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून मधल्या पिनला जोडा. कंपोझिट व्हिडिओ मिळतो. कपॅसिटर गाळूनही चित्र दिसतं, म्हणून पुष्कळ जण गाळतात. मग काही टीव्हींवर चित्र फिकट होतं किंवा हलतं. रंग मात्र आहेत तसेच राहतील. आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनात दोनच रंग, त्यामुळे लाल मोटार हिरव्या झाडाजवळून गेली की झाडही लाल. हा दोष नव्हे, मेमरीची काटकसर. प्रत्येक ठिपक्याला वेगळा रंग द्यायला कितीतरी पट मेमरी लागली असती.

कॅसेटवरून प्रोग्रॅम चढवायला ४८केचा खेळ चार-पाच मिनिटं घेतो. कॅसेट प्लेअर नसेल तर फोन चालतो: आवाज जवळजवळ पूर्ण, इक्वलायझर आणि सूचना बंद, 'इअर' या सॉकेटमध्ये एकच तार. 'आर टेप लोडिंग एरर' शेवटी-शेवटी आला तर आवाज थोडा कमी करा, सुरुवातीलाच काही हलत नसेल तर वाढवा. खऱ्या कॅसेटवर आवाज दबका येत असेल तर प्लेअरच्या हेडचा बारीक स्क्रू फिरवून आवाज खणखणीत होईल तिथे थांबवा. या सगळ्याचा कंटाळा आला तर मेमरी कार्ड चालवणारा डिव्हएमएमसी जातीचा इंटरफेस मागच्या कडेवर लावता येतो. वीज काढून, अर्थात.

सिंक्लेअरच्या बाकीच्या वस्तू जमवायचा मोह झाला तर सावध. १९७५चं ब्लॅक वॉच घड्याळ कपड्यांच्या स्थिर विजेने मरायचं आणि बॅटरी जेमतेम दहा दिवस टिकायची. त्या तोट्यातून सरकारी नॅशनल एंटरप्राइझ बोर्ड कंपनीत शिरलं आणि १९७९मध्ये सिंक्लेअर स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडला. जानेवारी १९८४मध्ये ३९९ पौंडांचा क्यूएल हा संगणक जाहीर झाला, पण सुरुवातीच्या नगांत रॉम आत मावली नाही म्हणून तिचा तुकडा मागे लटकवून पाठवला. एक वर्षाने तितक्याच किमतीची सी५ ही तीनचाकी विद्युत गाडी आली आणि काही महिन्यांत गुंडाळली गेली. एप्रिल १९८६मध्ये संगणकांचा धंदा नावासकट ५० लाख पौंडांत अॅमस्ट्रॅड या ब्रिटिश कंपनीला विकावा लागला. २०२१मध्ये तो वारला तेव्हा मथळ्यांत नाव होतं ते स्पेक्ट्रमचंच. पन्नास लाखांवर नग विकले गेलेली वस्तू तीच एक.

अॅमस्ट्रॅडने काढलेला स्पेक्ट्रम प्लस२, कळफलक आणि कॅसेट डेक एकाच पेटीत, वापरायला अधिक सुखाचा आहे; नुसते खेळ खेळायचे असतील तर तोच घ्या. त्याचाच काळा प्लस२ए मात्र टाळा, मागची कडा बदलल्यामुळे जुने बरेच इंटरफेस त्यावर चालत नाहीत. १९८४च्या स्पेक्ट्रम प्लसमध्ये बोर्ड ४८केचाच, फक्त रीसेट बटन आणि कडक कळा वाढल्या. मेम्ब्रेन जास्त पापुद्र्यांचं, बदलायला जास्त किचकट.

राहिला १६केचा नग. तो स्वस्त मिळतो आणि सोल्डरिंगचा हात चांगला असेल तर सौदा वाईट नाही, कारण इश्यू २ आणि ३मध्ये वरच्या मेमरीच्या जागा बोर्डावर रिकाम्याच ठेवलेल्या असतात. लागतात बारा चिप: आठ ४१६४, आयसी २३साठी ७४एलएस३२, आयसी २४साठी ७४एलएस००, आयसी २५ आणि २६साठी दोन ७४एलएस१५७, आणि शेवटी ती वरच्या-खालच्या अर्ध्याची तारेची लिंक. ती विसरली तर बारा चिप नीट बसवूनही वरच्या मेमरीचा भरवसा नाही.